डावखुऱ्या उमरावाच्या अकरा ओळी

४ जून

तीर्थस्वरूप मामांस,

मागच्या खेपेला नुसतं 'प्रिय मामा' लिहिलं, तर तुम्ही ते लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलंत. म्हणून या वेळी सगळे मान जागच्या जागी ठेवले आहेत. खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही, तेव्हा टपालच बरं.

काम असं आहे. चरित्रकोशाच्या नव्या आवृत्तीतल्या पाचव्या खंडाची मुद्रितं माझ्या टेबलावर आली आहेत. तुम्ही तीस वर्षं बसलात तेच टेबल. डावा खण अजून अडकतो, आणि अजून सगळे म्हणतात की तो फक्त तुम्हालाच उघडता यायचा. जुन्या आवृत्तीतली एकेक नोंद तपासायची, पुरावे नसतील तर काढून टाकायची, असा हुकूम आहे. नियम तुम्हीच मला शिकवलेला: माणूस लहान असो की मोठा, पुरावे दोन हवेत, आणि ते दोन वेगवेगळ्या हातचे हवेत. एकाच हातचे दहा कागद असले तरी तो पुरावा एकच.

पान तीनशे बारावर एक गृहस्थ मला अडले आहेत. तुमच्यासाठी उतरवून पाठवते: "डावखुरे उमराव. नदीकाठच्या लहान इलाख्याचे धनी. कोणत्याही लढाईत वा तहात नाव नाही. सहाव्या वर्षी नदीत पडले असता वाचले. पुढे नदीच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बांधवला. एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या बिछान्यात, झोपेत मृत्यू. संततीची माहिती नाही." छापील अकरा ओळी. नोंदीच्या चिठ्ठीवर सही तुमची, आणि पुराव्याच्या रकान्यात दोनच शब्द, 'खासगी संग्रह'.

थोरले साहेब म्हणाले, "कठडा बांधला म्हणून कोशात घ्यायचं, तर उद्या गवंडी रांग लावतील." मला मात्र हे उमराव आवडलेत. उभ्या खंडात अंथरुणात सुखानं मेलेला असा उमराव दुसरा नाही. तेव्हा हे सद्गृहस्थ तुम्हाला कुठे भेटले, ते कळवा. ऑगस्टच्या शेवटी खंड छापायला जातो.

मामींना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे?

तुमची,
ठमी


११ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. 'मुद्रितं' बरोबर लिहिलंस, 'गृहस्थ' बरोबर लिहिलंस. म्हणजे माझा जन्म फुकट गेला नाही.

उमरावाचं म्हणशील, तर राहू दे त्याला. अकरा ओळींना असं कितीसं खायला-प्यायला लागतं? ज्यांनी गावंच्या गावं जाळली त्यांना आपण चार-चार पानं दिली आहेत. एका बिचाऱ्यानं कठडा बांधला तर त्याच्या अकरा ओळी साहेबांच्या डोळ्यांत खुपतात.

दुसरा पुरावा हवाच असेल, तर लिही: 'जुना दप्तरखाना, पलीकडचा तीर'. तिथे कागद आहेत, मी स्वतः पाहिलेत. एवढं रकान्यात भर आणि पुढच्या पानावर जा. पत्रबित्र पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. तिथले लोक उत्तर देत नाहीत. उगाच टपालखर्च आणि वर हात दाखवून अवलक्षण.

डावा खण उघडताना आधी उजवा गुडघा खालून लावायचा आणि मग ओढायचं. कुणाला सांगू नकोस.

मामीचा गुडघा गुडघ्यासारखाच आहे. बाकी ती जशी होती तशी. सकाळी उठली की नदीकडची खिडकी बंद आहे ना, ते पाहते. रात्रीही बंदच होती, पण पाहते.

मामा


२ जुलै

तीर्थस्वरूप मामांस,

रागावू नका. मी पत्र पाठवलं.

पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलं आहे. आता त्याचे भोग तुम्हीच भोगा. पाकिटावर तुम्ही लिहिलंत तेवढंच लिहिलं, 'जुना दप्तरखाना, पलीकडचा तीर', आणि तुमच्या गावाचं टपाल. म्हटलं, पोचलं तर पोचलं. आठव्या दिवशी उत्तर हजर. आपल्या कचेरीत शेजारच्या खोलीतून उत्तर यायला तीन आठवडे लागतात.

मामा, काय सुंदर कागद आहे तो. जाड, पिवळट, अक्षर गोल आणि जरा डावीकडे कललेलं. दप्तरदारांनी सही केलेली नाही, पण मजकूर नेमका आहे. उमराव लहानपणापासून पहिल्या हाकेला कधीच येत नसत, दुसरी हाक मारावी लागे. मोठेपणी भर सभेतसुद्धा त्यांच्या नावाचा पुकारा दोनदा होई आणि लोक हसत. नदीच्या पायऱ्या ते रोज मोजत, आणि मोजताना दर वेळी सात गाळत. सहानंतर थेट आठ. कारभाऱ्यानं एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, सात मला शिकवलंच नाही कुणी.

हे वाचून मी एकटीच हसले. असा माणूस कुणी खोटा रचेल का? साहेबांनाही दाखवलं. ते म्हणाले, "हा एक पुरावा झाला. तुझ्या मामांचा 'खासगी संग्रह' मी धरत नाही. आणखी एक आण." आता तुम्हीच एक काढा, म्हणजे आपले उमराव तरले.

तुमची,
ठमी


६ जुलै

ठमे,

हे पत्र एकटी असताना वाच.

पलीकडच्या तीरावर दप्तरखाना नाही. कधीच नव्हता. तिथे वीटभट्टी होती, तीही बंद पडून पंधरा वर्षं झाली. तुझं पत्र आल्यावर जे पहिलं सुचलं ते मी लिहिलं. तू मुकाट्यानं रकाना भरशील असं वाटलं. तुला मीच शिकवलंय, हे विसरलो.

उमरावही नाही. तो मी रचला.

आमच्या वेळी कोशाची चोरी फार व्हायची. कुणीही उठावं, आमचे खंड जसेच्या तसे उतरवून आपल्या नावावर छापावेत. म्हणून दर खंडात एक नोंद मुद्दाम खोटी घालायची पद्धत होती. आम्ही तिला 'राखणदार' म्हणायचो. दुसऱ्याच्या पुस्तकात ती सापडली की चोर सापडला. कोणती नोंद खोटी, ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक. तो तसं एका चिठ्ठीवर लिहून, पाकिटाला लाख लावून, मुख्य संपादकांच्या लोखंडी कपाटात ठेवायचा. पाचव्या खंडाची पाळी माझी होती.

तेव्हा टिल्लूला जाऊन दोन वर्षं झाली होती.

तू जेमतेम दोन वर्षांची होतीस तो गेला तेव्हा. तुला तो फक्त आमच्या घरातल्या फोटोतला ठाऊक. शिवणयंत्राच्या वर लावलेला, ओले केस चापून बसवलेला. नदीच्या पायऱ्यांवरून गेला. कठडा नव्हता. सहा वर्षांचा होता, डावखुरा होता. ज्या दिवशी ती खोटी नोंद लिहायला बसलो, त्या दिवशी माझ्या हातानं दुसरं काही लिहिलंच नाही. त्याला नदीतून काढला. त्याला पस्तीस वर्षं जास्त दिली. त्याच्याकडून कठडा बांधून घेतला. बिछान्यात मरण दिलं. कोशात मी आयुष्यभरात केलेली लबाडी म्हणशील तर ती एवढीच.

पण ठमे, दुसऱ्या हाकेचं मी लिहिलेलं नाही. सात गाळायचं मी कुठेच लिहिलेलं नाही. टिल्लू पहिल्या हाकेला कधी आला नाही. टिल्लूला सात येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात शिकवू, म्हणून मी ते राहू दिलं होतं. हे मला ठाऊक आणि तुझ्या मामीला ठाऊक. तिसऱ्या माणसाला नाही.

तू आता कुठेही काही विचारू नकोस. नोंद राहिली काय, गेली काय. विचारू नकोस एवढंच.

मामा


२९ जुलै

मामा,

मी कुणालाच काही विचारलं नाही. तरी आलं.

सोमवारी माझ्या नावानं एक पाकीट पडलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत एका वैद्याच्या रोजनिशीचं पान. त्यात आहे: "आज थोरल्या उमरावांच्या मुलास पाण्यातून काढून आणिले. वय सहा. श्वास चालू. पायात एकच बूट, तांबडा. दुसरा कोठे, विचारता म्हणाला, आईकडे." साहेबांनी ते माझ्याआधी वाचलं. फार खूश झाले. दोन पुरावे झाले, नोंद राहील, आणि आता अकरा नाही, बावीस ओळी द्या, म्हणाले.

मग मी ठरवलं की तुमचं पाकीटच त्यांच्यासमोर फोडायचं. नोंद खोटी असल्याचं तुमच्याच अक्षरात निघालं की प्रश्न मिटला. लोखंडी कपाटातून पाचव्या खंडाचं पाकीट काढून घेतलं. लाख शाबूत होती, मीच फोडली. चिठ्ठी तुमच्या हातची, तारीख एकोणतीस वर्षांपूर्वीची. मजकूर जसाच्या तसा देते.

"पाचव्या खंडातील राखणदार: टिल्लू, कोशाच्या एका उपसंपादकाचा मुलगा. वय सहा. नदीत बुडून मृत्यू. ही नोंद खोटी आहे. असा मुलगा नव्हता."

मी ती तीनदा वाचली आणि परत पाकिटात घातली. साहेबांना म्हटलं, काही विशेष नाही.

संध्याकाळी आईकडे गेले. सहज विचारल्यासारखं करून म्हटलं, "आई, टिल्लूच्या बुटांचा रंग कुठला होता गं?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "कोण टिल्लू?" मी म्हटलं, मामांचा. तर हसली आणि म्हणाली, "दादाला कुठे मूल होतं? वहिनींना फार हौस होती, पण नाही झालं." तिच्या कपाटातला जुना अल्बम काढला. तुमच्या घरात काढलेला एक फोटो आहे त्यात, तुम्ही दोघं आणि शिवणयंत्र. भिंतीवर खिळा आहे. खिळ्याला काही नाही.

मला अजून तो आठवतो, मामा, पण धरून ठेवावा लागतो. मला वाटतं, ज्यांच्या हातातून ती चिठ्ठी गेली तेवढ्यांनाच आठवतो. म्हणजे तुम्ही आणि मी. इकडे उमराव खरे होत चाललेत आणि तिकडे तो पुसला जातोय. मला भीती वाटते. काय करू ते लवकर कळवा. खंड ऑगस्टच्या एकतीस तारखेला जातो.

ठमी


५ ऑगस्ट

ठमे,

तुझं पत्र हातात धरून मी आधी ट्रंक उघडली. दुसरा बूट आम्ही तिच्यात ठेवला होता, एकतीस वर्षं, मामीच्या जुन्या शालीत गुंडाळून. शाल आहे. आत बुटाच्या आकाराची पोकळी आहे. बूट नाही.

ती चिठ्ठी मी लिहिलेली नाही. माझ्या चिठ्ठीत उमराव होता.

मग नदीवर गेलो. एकतीस वर्षांत त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं नव्हतं. कठडा आहे. लोखंडाचा, जुना, हात फिरून फिरून वरची कड गुळगुळीत झालेली. दोन बायका त्याला टेकून बोलत उभ्या होत्या. मी विचारलं, हा कधी बसवला? एक म्हणाली, "काका, नवीन आहात का गावात? हा उमरावांच्या वेळेपासून आहे." पलीकडच्या तीरावर वीटभट्टीच्या जागी एक लांब कौलारू इमारत दिसते. तिच्या एका खिडकीत कुणीतरी बसून लिहीत होतं. लांबून तोंड दिसलं नाही. मी हाक मारली. त्यानं वर पाहिलं नाही. दुसरी हाक मारायची माझी छाती झाली नाही.

आता मामीचं ऐक. ती बरी आहे. आजवर कधी नव्हती इतकी बरी. नदीकडची खिडकी सताड उघडून बसते. परवा कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर मी ते ऐकलं नव्हतं. झोप लागते तिला. काल मला म्हणाली, "ही धाकटी खोली आपण उगाच रिकामी का ठेवलीय? शिवणाचं यंत्र तिकडे हलवू." मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

काल रात्रीपर्यंत तुला 'नोंद उडव' असंच लिहायचं होतं. सहा वर्षं माझी होती, मला ती हवीत, त्यांच्या शेवटासकट. पण सकाळी ती पुन्हा गुणगुणत होती. नोंद उडाली तर कठडा जाईल, आणि पोरगं परत येईल ते बुडालेलंच परत येईल. हे ओझं तिच्या डोक्यावर दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं ठेवू? आणि नाही ठेवलं, तर त्याच्यावर रडायला मी एकटाच उरतो. मी मेलो की तेही संपलं.

माझ्यानं ठरववत नाही. आयुष्यभर इतरांच्या नोंदींवर फुल्या मारल्या, पण आता हात चालत नाही. तिला सगळं सांगतो. खुळ्यात काढलं तर काढलं.

मामा


९ ऑगस्ट

ठमी पोरी,

मी कधी कुणाला पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. चुका काढू नकोस. तुझे मामा काढतातच.

परवा ह्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. मी म्हटलं, वय झालं, डोक्यात काही शिरलं असेल. मला मुलगा झालेला मला आठवणार नाही का? तसं म्हणाले पण त्यांना. ते नुसते शिवणयंत्राच्या वरच्या खिळ्याकडे बघत बसले.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. तुला सांगते. गेले पंधरा दिवस जेवायला वाढताना मी तीन ताटं काढते. दोन मांडते आणि तिसरं हातात घेऊन उभी राहते. कुणासाठी काढलं, ते कळत नाही. मग परत ठेवते. रोज. मी विसरले असेन, पण हात विसरला नाही बघ. आणि मी काय गाणं म्हणते म्हणून हे सांगतात ना, ते गाणं झोपवायचं आहे. ते मला कुणी शिकवलं आणि मी ते कुणाला म्हणत होते?

ह्यांना वाटतं, मला पुन्हा दुःख होईल. होईल ना. ते म्हणतात, तू एकतीस वर्षं झोपली नव्हतीस. नसेन झोपले. पण पोरी, दुःख माझं आहे तर ते माझ्या घरात हवं. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात तो चाळीस वर्षं जगला, मोठा माणूस झाला, बरं झालं. पण तिथे त्याला आई नाही. त्या कागदात लिहिलंय ना, दुसरा बूट आईकडे आहे. मग ती आई मीच असायला हवी.

मला काही आठवत नाही, तरी सांगते. तू ती नोंद उडव. घाबरू नकोस. तुझ्यावर काही येणार नाही, सगळं माझ्यावर.

मामी


३० ऑगस्ट

तीर्थस्वरूप मामा आणि मामी,

मामींचं पत्र पोचलं तेव्हापासून मी ते पिशवीत घेऊन फिरते आहे. मन तयार होतं, पण दोन पुरावे असलेली नोंद मी काय म्हणून उडवणार? साहेब मला मुद्रितांबरोबरच बाहेर फेकतील. आणि नियम मोडून उडवावी, असं मलाच वाटेना. जे शिकले तेच मोडून टिल्लूला परत आणायचं, तर तो खोट्यानंच परत येणार.

काल दोन्ही कागद शेवटचे पाहावेत म्हणून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आजपर्यंत मी मजकूरच वाचत होते, अक्षर पाहिलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक दप्तरदाराचा, एक वैद्याचा. दोन्ही अक्षरं डावीकडे कललेली. दोन्हींत ओळ पुढे जाईल तशी आधीची शाई तळव्यानं फरफटलेली. डाव्या हातानं लिहिणाऱ्याची फरफटते तशी. दोन्ही कागद एकाच हातचे आहेत, मामा.

दोन वेगळ्या हातचे नाहीत. म्हणजे पुरावा एकच. मी साहेबांना भिंग दिलं. ते दहा मिनिटं पाहत होते, मग लाल पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

पेन्सिल हातात घेतली आणि मला रडू आलं. कारण तो हात कुणाचा, हे मला कळत होतं. त्यालाच राहायचं होतं पुस्तकात. स्वतःच बसून लिहिलेले कागद होते ते, एक पुरला नाही म्हणून दुसरा. मी मनात म्हटलं, टिल्लू, तिकडे नाही रे, घरी जा. आणि मनात म्हटलेलं पुरेल की नाही, कुणास ठाऊक, म्हणून मग मोठ्यानं म्हटलं. दोनदा म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई बघायला लागल्या. मग अकरा ओळींवर रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'दोन्ही पुरावे एकाच हातचे, नोंद रद्द.' सही केली. दोन्ही कागद 'जुना दप्तरखाना, पलीकडचा तीर' याच पत्त्यावर परत पाठवले आहेत.

आता मला काय कळवायचं ते तुम्ही. मी इथे काही विचारत नाही.

ठमी


३ ऑक्टोबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना झाला. मला वेळ नव्हता. आता सांगतो.

तुझं पत्र इथे पोचलं तो दिवस. दुपारची वेळ होती. मी पाकीट फोडत होतो आणि मामी स्वयंपाकघरात ताटं काढत होती. एक ताट खाली पडल्याचा आवाज आला. गेलो तर ती जमिनीवर बसली होती. तिनं मला विचारलं, "आज किती वर्षं झाली?" मी म्हटलं, एकतीस. मग ती रडली. तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी उठली, नदीकडची खिडकी बंद केली, ट्रंक उघडली, शाल उलगडली. बूट होता. फोटो खिळ्यावर आहे. केस तसेच ओले आहेत. मी तिला म्हटलं, चूक झाली का आपली? ती म्हणाली, "त्याच्यासाठी रडायला मिळालं मला. यात चूक कसली?" एवढं बोलून बूट पुसत बसली. तिची झोप गेली ती गेलीच. मीही तिच्याबरोबर जागा असतो. आधी आम्ही वेगवेगळे जागायचो.

तुझे दोन्ही कागद तिकडे पोचले की नाही, ते मला ठाऊक नाही. पलीकडे वीटभट्टी आहे. पडकी, जशी होती तशी.

आणि पायऱ्यांना कठडा नाही.

ते पाहिलं आणि घरी येऊन अर्ज लिहायला बसलो. नगरपालिकेनं म्हटलं, तरतूद नाही. दुसरा अर्ज केला. तिसरा घेऊन स्वतः गेलो आणि तिथल्या साहेबांच्या दारात बसून राहिलो. शेवटी ते म्हणाले, परवानगी देतो, बसवायचा तो तुम्ही बसवा. मग एक वेल्डर गाठला. चांगला माणूस आहे, कमी बोलतो. गेल्या मंगळवारी तो यंत्र घेऊन पायऱ्यांवर आला. खांबांसाठी दगडाला भोकं पाडायची होती. मी आणि मामी वरच्या पायरीवर बसलो होतो.

त्यानं चिखल खरवडला आणि थांबला. मला खाली बोलावलं. दगडात भोकं आधीच होती. जुनी, कडा गोल झालेली, एकेकात गाळ भरलेला. सारख्या अंतरानं, वरच्या पायरीपासून पाण्यापर्यंत. मी मोजली. अकरा होती. पुन्हा मोजली, या वेळी मोठ्यानं. सहानंतर माझी जीभ थेट आठवर गेली, आणि मला पहिल्यापासून मोजावं लागलं.

वेल्डर म्हणाला, "मला काही पाडायला नको. नेमकी मापात आहेत. इथे आधी कुणी कठडा बसवला होता का?"

मी बावळटासारखा भोकांकडे पाहत उभा होतो. मामी वरून गुडघा धरत एकेक पायरी उतरत आली, अगदी पाण्यालगतच्या पायरीपर्यंत. शेवटच्या भोकात बोट घालून तिनं गाळ काढला.

"हो," ती म्हणाली. "आमच्या मुलानं."

मामा